हुड २,८०० मीटर खोलीवर दोन दिवसांत सापडली, एरेबस ११ मीटरवर असून दीडशे वर्षं का लागली?

सागरवेडा
उत्तरेच्या थंड पाण्यात बुडालेल्या युद्धनौकांबद्दल वाचताना एक कोडं सुटत नाही, म्हणून हा धागा.

ब्रिटिश युद्धनौका एचएमएस हुड २४ मे १९४१ ला ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत जर्मन युद्धनौका बिस्मार्कच्या माऱ्याने फुटली. १,४१८ पैकी तिघं वाचले. तिथे पाणी सुमारे २,८०० मीटर खोल. जुलै २००१ मध्ये डेव्हिड मर्न्स यांच्या पथकाने सोनार (आवाजाच्या लहरींनी तळ पाहणारं यंत्र) पाण्यात सोडला आणि दोन दिवसांच्या आत ती सापडली.

आता दुसरी बाजू. सर जॉन फ्रँकलिन यांच्या १८४५ च्या आर्क्टिक मोहिमेतल्या एरेबस आणि टेरर. दोन्ही ब्रिटिश आरमाराच्या, मुळात बाँब-नौका म्हणून बांधलेल्या दणकट नौका. एरेबस २०१४ मध्ये सापडली, जेमतेम ११ मीटर पाण्यात. टेरर २०१६ मध्ये, २४ मीटरवर. शोधासाठी १८४८ पासून मोहिमा निघत होत्या.

उथळ पाण्यातली नौका सापडायला इतका काळ आणि खोल पाण्यातली चटकन, असं का? आणि एकूणच असा शोध पायरीपायरीने कसा घेतात, ते जाणकारांनी सविस्तर सांगावं.

नकाशेवाला
खोलीने खर्च वाढतो. वेळ ठरतो तो शोधायच्या चौकोनावर. हिशोब मांडतो.

साइड स्कॅन सोनार म्हणजे टॉर्पेडोसारखी दिसणारी टो-फिश. ती केबलने जहाजामागे ओढायची, ती दोन्ही बाजूंना आवाजाचे पंखे फेकते आणि तळाचं चित्र पट्टीपट्टीने तयार होतं. १०० किलोहर्ट्झच्या आसपास एका बाजूला ३०० मीटर धरा, म्हणजे पट्टी ६०० मीटरची. पण टो-फिशच्या थेट खालची जागा नीट दिसत नाही आणि पट्टीच्या कडा धूसर येतात, म्हणून शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर चढवतात. दोन रेघांमधलं अंतर ४५० मीटर ठेवलं आणि वेग ४ नॉट, म्हणजे ताशी ७.४ किमी, तर तासाला ३.३ चौरस किमी तळ तपासून होतो. वळणं, बिघाड, खराब हवा धरून दिवसाचे २० तास कामाचे मिळाले तर ६६ चौरस किमी.

नौकेच्या जागेत ३० किमीची चूक असेल तर त्या त्रिज्येचं वर्तुळ २,८०० चौरस किमीच्या वर जातं. म्हणजे सहा आठवडे. चूक ५ किमी असेल तर क्षेत्र ७९ चौरस किमी, काम सव्वा दिवसाचं. त्रिज्या सहापट, काम छत्तीसपट!

खोल पाण्यात मोठी नौका शोधताना याहून कमी फ्रिक्वेन्सी वापरतात. ३० किलोहर्ट्झला पट्टी काही किलोमीटरची मिळते. चित्र भरड येतं, पण हुड २६० मीटरहून लांब होती, ती भरड चित्रातही उठून दिसते. अडचण वळताना येते. पाठीमागे सात-आठ किमी केबल सोडलेली असते, त्यामुळे एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर यायलाच कित्येक तास जातात. म्हणून रेघा कमी आणि लांब आखायच्या.

शरयू
छान समजावलंत. पण तो चौकोन ठरवतात कसा? बुडताना जागा लिहून ठेवलेली असतेच ना?

तळशोध
शरयूताई, लिहिलेली असते, पण ती बरोबर असतेच असं नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मन युद्धनौका शार्नहॉर्स्ट.

२६ डिसेंबर १९४३, नॉर्वेच्या नॉर्थ केपच्या उत्तरेला. ब्रिटिश ॲडमिरल फ्रेझर ड्यूक ऑफ यॉर्क या युद्धनौकेवर होते. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास शार्नहॉर्स्ट बुडाली. १,९६८ पैकी ३६ जण वाचले. अधिकृत अहवालात जागा होती ७२ अंश १६ मिनिटं उत्तर, २८ अंश ४१ मिनिटं पूर्व. सप्टेंबर २००० मध्ये नॉर्वेच्या आरमाराच्या मदतीने ती सापडली ७२ अंश ३१ मिनिटं उत्तर, २८ अंश १५ मिनिटं पूर्व इथे, सुमारे २९० मीटर खोलीवर. अक्षांशातलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. उत्तरेकडेच १५ मैलांचा फरक. रेखांशाचा फरक २६ मिनिटं, पण त्या अक्षांशावर रेखांशाचं मिनिट आखडून सागरी मैलाच्या तीन दशांशाएवढंच उरतं, म्हणजे साधारण ८ मैल. एकूण चूक जवळपास ३० किमी.

एवढी चूक कशी झाली? डिसेंबरात तिथे ध्रुवीय रात्र असते. सूर्य उगवतच नाही आणि वादळी ढगांमुळे तारेही दिसत नव्हते. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जागा काढायचं सेक्स्टंट घेऊन करणार काय? मग उरतो अंदाजी हिशोब: शेवटची पक्की जागा, त्यानंतरची दिशा, वेग आणि वेळ. त्यात पाठलाग कित्येक तासांचा, सारख्या बदलत्या दिशा, वाऱ्याचा आणि प्रवाहाचा ढकल वेगळा. प्रत्येक चूक आधीच्या चुकीवर चढते.

रडार होतं की, असं कोणी म्हणेल. रडारने शार्नहॉर्स्ट ड्यूक ऑफ यॉर्कपासून किती दूर आणि कोणत्या दिशेला, हे उत्तम सांगितलं. पण ड्यूक ऑफ यॉर्क स्वतः कुठे आहे, हे रडार सांगत नाही.

गंजलेला_नांगर
तळशोध यांना अनुमोदन. हुडच्या बाबतीत याच्या उलट परिस्थिती होती. लढाई पहाटेची, दिवसाउजेडी, आणि दोन्ही बाजूंच्या अनेक नौकांवर नोंदी चालू. प्रिन्स ऑफ वेल्स शेजारी होती, नॉरफोक आणि सफोक माग काढत होत्या, समोर बिस्मार्क आणि प्रिन्झ ऑयगेन. अशा वेळी प्रत्येक नौकेचा मार्ग पारदर्शक कागदावर वेगळा काढायचा, मग दोघींनी नोंदवलेल्या एकाच क्षणावर ते कागद एकमेकांवर बसवायचे. हुडचा स्फोट हा असा क्षण, तो सगळ्यांच्या नोंदीत आहे. कागद जुळले की कोणाची जागा किती सरकली होती ते उघडं पडतं. समुद्रावर जाण्याआधी हे काम वर्षानुवर्षं चालतं. पाण्यातले ते दोन दिवस त्या वर्षांच्या जोरावर मिळाले.

बिस्मार्कलाही हेच. किंग जॉर्ज पाचवा, रॉडनी आणि डॉर्सेटशायर अशा तीन ब्रिटिश नौकांनी तीन जागा लिहिल्या होत्या. शोधक रॉबर्ट बॅलार्ड यांचा १९८८ चा हंगाम रिकामा गेला, जून १९८९ मध्ये ४,७०० मीटरहून खोल ती मिळाली. त्यांनी नौकेआधी तिचा विखुरलेला कचरा शोधला. नौका बुडताना हलक्या वस्तू प्रवाहाबरोबर वाहत दूर पडतात, जड वस्तू जवळ. तळावर कचऱ्याची लांबलचक माळ लागते, आणि ती आडवी कापत गेलं की सापडायची शक्यता कितीतरी वाढते.

केळशीचा_वारा
कागदांचं महत्त्व मान्य, पण मच्छीमारांना कोणीच विचारात घेत नाही याचं वाईट वाटतं. ट्रॉलरवाल्यांकडे जाळं अडकण्याच्या जागांची यादी असते. आपल्या कोकणातले कोळीही अशा जागा पाठ ठेवतात, कारण एकदा जाळं फाटलं की हंगामाचं नुकसान. उत्तर समुद्रातले आणि नॉर्वेकडचे शोधक या याद्या मिळवून चौकोनावर टाकतात. अडकण्याच्या दोन-तीन नोंदी एकाच जागी आल्या की सोनारची पहिली रेघ तिथून.

फक्त एक खबरदारी. नोंद जाळ्याची असते की बोटीची, ते विचारायचं. २९० मीटर पाण्यात जाळं बोटीच्या शे-दोनशे मीटर नव्हे, चांगलं अर्धा किमी किंवा जास्त मागे असतं. दिशा माहीत नसेल तर ती नोंद तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ धरायची.

अनघा_ट्रॉम्सो
मूळ प्रश्नातल्या एरेबसकडे येते, कारण तिथे कागदच जवळपास नव्हता.

फ्रँकलिनच्या १२९ माणसांनी मागे ठेवलेली मुख्य नोंद एकच, कॅनडाच्या उत्तरेकडच्या किंग विल्यम बेटाच्या व्हिक्टरी पॉइंटला दगडांच्या ढिगात सापडलेली. त्यात एप्रिल १८४८ ची भर आहे: दोन्ही नौका १२ सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकल्या होत्या, २२ एप्रिलला सोडल्या, त्या जागेच्या उत्तर-वायव्येला पाच लीग, म्हणजे साधारण १५ मैल. फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारले होते आणि १०५ माणसं उरली होती.

ही जागा नौका सोडल्याची आहे, बुडाल्याची नाही. बर्फात रुतलेली नौका बर्फाबरोबर सरकत राहते. काही माणसं परत नौकेवर गेली असतील अशीही शक्यता आहे. त्यामुळे चौकोन आखायला आधारच नाही.

आधार होता तो इनुइट लोकांच्या सांगण्यात. शोधमोहिमेवर गेलेल्या मॅक्लिंटॉक यांना १८५९ मध्ये सांगितलं गेलं की एक जहाज खोल पाण्यात बुडालं आणि दुसरं बर्फाने उत्जुलिक भागात नेलं. १८७९ मध्ये पुहतूराक नावाच्या वृद्धाने नंतरचे शोधक श्वाट्का यांना सांगितलं की तो अशा जहाजावर गेला होता, आत एक मेलेला धिप्पाड माणूस होता, आणि जहाज बुडाल्यावर डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसत होत्या. डोलकाठ्या दिसतात म्हणजे पाणी उथळ. २०१४ मध्ये एरेबस सापडली ती ॲडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, याच उत्जुलिक भागात.

पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेचा शोध २००८ पासून चालू होता. हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचे जेमतेम काही आठवडे. २०१४ मध्ये व्हिक्टोरिया सामुद्रधुनीत बर्फ इतका होता की पथकाला दक्षिणेच्या क्षेत्रात काम करावं लागलं. तिथे एका छोट्या बेटावर पुरातत्त्वज्ञांसोबत गेलेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला लोखंडी तुकडा दिसला. होडी खाली सोडायच्या डॅव्हिटचा तो भाग, त्यावर ब्रिटिश आरमाराची बाणाची खूण. दुसऱ्याच दिवशी जवळच्या पाण्यात सोनारवर एरेबस उमटली. एवढ्या जड लोखंडाचा तुकडा दूर वाहून येत नाही, हे ओळखून लगेच तिथे रेघा मारल्या, हे त्या पथकाचं खरं कौशल्य.

बंदरावरचा
आणि टेरर सापडली ती टेरर बे मध्येच! काखेत कळसा नि गावाला वळसा. :)

अनघा_ट्रॉम्सो
वाचून मलाही हसू आलं, पण ते नाव नौकेच्या आठवणीत दिलेलं होतं, ठावठिकाणा म्हणून नाही. खरा माग दिला तो किंग विल्यम बेटावरच्या ग्योआ हेवन गावच्या सॅमी कोगविक यांनी. काही वर्षांपूर्वी त्या उपसागराच्या बर्फातून वर आलेलं लाकूड त्यांनी पाहिलं होतं, डोलकाठीसारखं. आर्क्टिक रिसर्च फाउंडेशनच्या मार्टिन बर्गमन जहाजावर त्यांनी हे सांगितलं, जहाज ठरलेल्या क्षेत्राकडे न जाता तिकडे वळलं, आणि ३ सप्टेंबर २०१६ ला टेरर मिळाली. २०१९ मध्ये आत छोटं आरओव्ही (वरून केबलने चालवायचं कॅमेऱ्याचं यंत्र) गेलं तेव्हा फळ्यांवर बशा जागच्या जागी होत्या, टेररचे कॅप्टन क्रोझियर यांच्या खोलीतले खण बंद होते.

केळशीचा_वारा यांचा मुद्दा इथे दुपटीने लागू होतो. स्थानिकांचं ऐकलं असतं तर कित्येक हंगाम वाचले असते.

शरयू
बशा जागच्या जागी! अंगावर काटा आला.

तळशोध
थंड पाण्यात यंत्रं कुठे दगा देतात तेही लिहून ठेवतो.

आवाजाचा वेग. बरेच संच सरसकट सेकंदाला १,५०० मीटर धरतात. आपल्या कोकण किनाऱ्याजवळच्या उबदार पाण्यात तो १,५४० च्या आसपास असतो, शून्य अंशाच्या खाऱ्या पाण्यात १,४५० च्या आसपास. २९० मीटर खोलीवर एवढ्याने जवळपास १० मीटरची चूक येते. शिवाय वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वर तरंगतं, खाली खारं. त्या सीमेवर आवाजाचा किरण वाकतो आणि मल्टीबीम (एकाच वेळी अनेक किरण सोडून खोली मोजणारा सोनार) च्या चित्रात सपाट तळ दोन्ही कडांना वर किंवा खाली वळलेला दिसतो. उपाय एकच: दर काही तासांनी तपासणी-नळी तळापर्यंत सोडून वेगाचा आलेख घ्यायचा आणि तो संचात भरायचा.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजणारं यंत्र. एक टन लोखंड १० मीटरवरून सुमारे १० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) एवढं दिसतं, २० मीटरवरून सव्वा. अंतर दुप्पट झालं की खूण आठ पटीने घटते, म्हणून यंत्र तळाजवळ ओढावं लागतं. एरेबसवर रेल्वे इंजिन बसवलेलं आणि नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लोखंडी पत्रे, तेव्हा खूण मिळायला हवी. पण त्या प्रदेशात ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच शेकडो नॅनोटेस्लाने हलतं. किनाऱ्यावर दुसरं यंत्र ठेवून त्याची नोंद वजा केली नाही तर भुतासारख्या नौका दिसत राहतात.

होकायंत्रही तसंच. चुंबकीय सुई तिथे जवळजवळ निकामी, आणि फिरत्या चाकावर चालणाऱ्या गायरो होकायंत्राची उत्तर शोधायची ताकद ७२ अंशांवर विषुववृत्ताच्या तीन दशांश. दोन अँटेनांच्या जीपीएसने दिशा घ्यावी.

बंदरावरचा
थंड पाण्यात नौका चांगल्या टिकतात म्हणतात ते यामुळेच ना? फ्रिजमध्ये ठेवल्यासारख्या.

गंजलेला_नांगर
लाकूड आणि लोखंड यांचं गणित वेगळं आहे, एकत्र करू नका.

लाकडाला मुख्य शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा तो किड्यासारखा दिसणारा शिंपल्यांचा भाऊबंद, टेरेडो. बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं कमी खारं आहे की त्याला तिथे जगता येत नाही. म्हणून १६२८ मध्ये बुडालेली स्वीडनची वासा १९६१ मध्ये जवळजवळ अख्खी वर काढता आली, आणि १५६४ मध्ये लढाईत जळून बुडालेली मार्स २०११ मध्ये ७५ मीटरवर सापडली तेव्हा तिच्या फळ्या आणि तोफा ओळखू येत होत्या. इथे थंडीपेक्षा क्षार महत्त्वाचा. कॅनडाच्या उत्तरेला पाणी खारं आहे, तिथे थंडीच कामी येते.

लोखंड थंडीत हळू गंजतं हे बरोबर, पण थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, तो गंजाला खाद्य देतो. प्रवाहाच्या जागी नवा ऑक्सिजन सतत येतो. म्हणून एकाच नौकेची गाळात रुतलेली बाजू ठणठणीत आणि उघडी बाजू कागदासारखी असं दिसतं. फ्रिज म्हणून निर्धास्त राहू नये.

वासाचीच पुढची गोष्ट ऐका. तिचे शोधक फ्रान्झेन यांनी १९५६ मध्ये साधा टोकदार नमुना-नळा तळात सोडून काळ्या ओकचा तुकडा वर आणला, शोध तिथे लागला. वर काढल्यावर १७ वर्षं पीईजी हे लाकूड आकसू न देणारं रसायन फवारलं. तरी आतल्या लोखंडी बोल्टांचा गंज आणि बंदरातल्या घाण पाण्यातून मुरलेलं गंधक यांतून लाकडात आम्ल तयार झालं. हजारो बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे घालावे लागले. शोधणं सोपं, सांभाळणं कठीण.

सागरवेडा
एक उपप्रश्न. सोनारवर नौका दिसली, पण ती तीच हे कसं ठरवतात?

नकाशेवाला
कार्ल्सरूअ घ्या. ही जर्मन क्रूझर ९ एप्रिल १९४० ला ब्रिटिश पाणबुडी ट्रुअंटच्या टॉर्पेडोने जायबंदी झाली, मग जर्मनांनीच ती बुडवली. नॉर्वेच्या क्रिस्टियानसनसमोर, ४९० मीटरवर. स्टॅटनेट या वीज कंपनीच्या तळपाहणीत २०१७ मध्ये सोनारवर एक मोठं काहीतरी दिसलं, नॉर्वे-डेन्मार्क वीजवाहिनीपासून फक्त १५ मीटरवर. ओळख पटली २०२० मध्ये, आरओव्ही खाली गेल्यावर.

क्रम असा. आधी लांबी, कारण ती सोनारवर मोजता येते. कार्ल्सरूअ १७४ मीटर. मात्र पुढचं टोक तुटलेलं असेल तर लांबी फसवते, म्हणून रुंदीही जुळवायची. मग तोफांचे बुरूज: संख्या, मांडणी, प्रत्येकात नळ्या किती. या वर्गाच्या क्रूझरना पुढे एक आणि मागे दोन बुरूज, प्रत्येकी तीन नळ्या, आणि मागचे दोन्ही मध्यरेषेवरून बाजूला सरकवलेले. ही मांडणी इतकी वेगळी आहे की बुरूज दिसले की उमेदवार दोन-तीनच उरतात. नाव कोरलेली घंटा मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण तिच्यावर विसंबू नये. हुडची घंटा वर यायला २०१५ उजाडलं.

बंदरावरचा
कार्ल्सरूअ सरळ उभी आहे म्हणे. मग शार्नहॉर्स्ट उलटी का?

तळशोध
युद्धनौकेचं वजन वर फार असतं: बुरूज, चिलखत, मनोरे. पाणी भरून कलली की ती सहसा पालथी होते. बिस्मार्कचे मोठे बुरूज फक्त स्वतःच्या वजनाने बसलेले होते, उलटताच ते निखळून पडले. वरचं वजन गेलं, खाली जायला साडेचार किलोमीटरहून जास्त पाणी, त्यात ती पुन्हा सरळ झाली. शार्नहॉर्स्टची लांबी २३५ मीटर आणि पाणी २९०. सावरायला जागाच नव्हती. पुढचा भाग तुटून वेगळा पडला, उरलेली पालथी. अशी पालथी नौका सोनारवर लांबट खडकासारखी दिसते, अननुभवी माणूस ती सोडून पुढे जातो. सावली बघायची. खडकाची सावली खडबडीत येते, नौकेच्या तळाची सरळ धारेची.

केळशीचा_वारा
बुडालेल्या ब्रिटिश क्रूझर एचएमएस एडिंबराचं सोनं राहिलं की!

गंजलेला_नांगर
थोडक्यात लिहितो. मे १९४२, बॅरेंट्स समुद्र, २४५ मीटर. रशियाकडून येणाऱ्या ४६५ सोन्याच्या विटा. १९८१ मध्ये कीथ जेसप यांच्या कंपनीने ४३१ काढल्या, १९८६ मध्ये आणखी २९. पाच अजून खाली. पाणबुडे दाबाच्या टाकीत दिवसचे दिवस राहत, गरम पाणी खेळवलेल्या पोशाखात काम करत. सोनं ठेवलेल्या खोलीशेजारी दारूगोळा होता, वाटेत तेलाची टाकी. काढणाऱ्यांना ४५ टक्के, उरलेल्याचे दोन वाटे सोव्हिएत संघाला आणि एक ब्रिटनला.

पण तिथे माणसंही आहेत. युद्धनौका बुडाली तरी तिच्या देशाचीच राहते, आणि ब्रिटनने १९८६ मध्ये लष्करी अवशेषांसाठी वेगळा कायदाच केला. आधी परवानगी, मग बाकीचं. याबाबत तडजोड नकोच.

सागरवेडा
सगळ्यांचे आभार. म्हणजे हुडला अनेक नौकांच्या नोंदी होत्या, एरेबसला एक कागद आणि ऐकून न घेतलेली माणसं. माझं कोडं सुटलं. मग पोलंडची पाणबुडी ओझेउ अजून का सापडत नाही? उत्तर समुद्र तर फारसा खोल नाही.

नकाशेवाला
कारण चौकोन. ती २३ मे १९४० ला स्कॉटलंडमधल्या रोसिथ बंदरातून गस्तीवर निघाली आणि परत आलीच नाही. साक्षीदार नाही, वाचलेलं कोणी नाही. तिचं गस्तीचं क्षेत्र, नंतर दिलेले आदेश आणि दोन्ही बाजूंचे सुरुंगपट्टे, सगळं धरलं तर हजारो चौरस किमी होतात. ती ८४ मीटर लांब, म्हणून हुडसारखी भरड पट्टी चालणार नाही, वर दिलेला ४५० मीटर रेघांचा हिशोबच लावावा लागेल. त्यात उत्तर समुद्राच्या तळाशी दोन्ही महायुद्धांची इतकी जहाजं पडली आहेत की पाणबुडीच्या लांबीची प्रत्येक खूण आरओव्हीने तपासावी लागते.

पोलंडची पथकं याच पद्धतीने सुरुंगपट्ट्यांपासून सुरुवात करून एकेक पट्टा खोडत चालली आहेत. ओळखीची खूण पक्की आहे: नाळेला आणि मागे प्रत्येकी चार टॉर्पेडो-नळ्या, शिवाय मधल्या भागात बाहेरून बसवलेल्या आणखी चार, आणि पुढे १०५ मिमीची बोफोर्स तोफ. सोनारवर ८० ते ९० मीटरचं काही दिसलं की आरओव्हीने आधी मधला भाग पाहायचा.